गिलियडमधील स्त्री

कॅनडांतील लेखिका मार्गारेट ॲटवुड यांची 'द हँडमेड्स टेल' ही कादंबरी १९८५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत अमेरिकेच्या भूमीवर गिलियड नांवाचें एक कल्पित राज्य उभें केलें आहे. तेथें संतती दुर्मिळ झाल्यामुळें, मूल होण्याजोग्या स्त्रिया अधिकाऱ्यांच्या घरीं केवळ प्रसूतीसाठीं नेमून दिल्या जातात. नायिका फ्रेड नामक अधिकाऱ्याच्या घरीं आहे, म्हणून तिचें नांव 'ऑफ्रेड'. आपल्या भाषेंत, नुसती 'फ्रेडची'. घर बदललें कीं नांवही बदलावयाचें!

राज्य बंदुकीनें उलटलें हें खरें. परंतु स्त्रिया बांधल्या गेल्या त्या हिशेबाच्या वहीनें. एके सकाळीं दुकानांत तिचें पैशांचें कार्ड चालेनासें होतें. त्याच दिवशीं ग्रंथालयांतील नोकरी जाते. तिचा पैसा आतां नवऱ्याच्या हातीं! नवरा समजूत घालतो कीं, मी तुझा सांभाळ करीनच. मला पुस्तकांतील सर्वांत भयंकर जागा हीच वाटते. तो मनुष्य दुष्ट नाहीं, प्रेमानेंच बोलतो. पण पुढें तिला शंका येते कीं, याला हें फारसें खुपत नसावें. आपणांपैकीं किती गृहस्थांना त्या वाक्यांत दोष दिसेल?

हें केवळ कल्पनेचे खेळ म्हणावे, तर रुमानियांत १९६६ च्या हुकुमानें गर्भपातावर बंदी आली, आणि पुढें कारखान्यांतून कामकरी स्त्रियांची गर्भाकरितां तपासणी होत असे. माणसांनीं कोठें ना कोठें केलें नाहीं असें आपण कांहींच घातलें नाहीं, असें लेखिकेनें सांगितलें आहे.

मी जन्मभर मुलांना अक्षरें शिकविलीं, म्हणून माझें लक्ष वाचनबंदीकडे अधिक गेलें. गिलियडमध्यें दुकानांच्या पाट्यांवर शब्द नाहींत, चित्रें आहेत. स्त्रियांना वळण लावणाऱ्या 'आंट', म्हणजे मावश्या, स्त्रियाच. त्यांच्या कमरेला गुरें हांकण्याची विजेची काठी. तरी धर्मवचनें पुरुषाच्या मुद्रित आवाजांत ऐकविलीं जातात, कारण मावशीनेंही वाचण्याचें पाप करूं नये! आणि तो अधिकारी रात्रीं तिला चोरून बोलावतो तो कशासाठीं? अक्षरें जुळवून शब्द करण्याचा खेळ खेळावयास. तीं अक्षरें तिला गोळ्यांसारखीं तोंडांत टाकावींशीं वाटतात.

लिहितां येत नाहीं, म्हणून तिची कहाणी ध्वनिफितींवर बोललेली सांपडते. २१९५ सालीं एक प्राध्यापक तीवर व्याख्यान देतात, आणि त्यांची सारी खटपट असते ती हा फ्रेड कोण, हें ठरविण्याची.