आजारी मातापिता आणि त्यांचे बँकव्यवहार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, मराठी रंगभूमीवर अधिकारी मंडळी बोलून गेली. त्या पंक्तीत पासबुक आणि मुदतठेवीची पावती हाती घेऊन उभे राहणे काहीसे विजोड दिसेल. पण आमची उभी हयात बँकेच्या काउंटरमागे गेली आणि निवृत्तीनंतर मंडळातील मंडळी आमच्याकडे येतात ती नाटकाविषयी बोलावयास क्वचितच येतात. "बाबांची सही जुळत नाही म्हणून चेक परत आला." "आईने ठेवींच्या पावत्या कुठे ठेवल्या हे तिलाच आठवत नाही." "गावाकडचा भाऊ म्हणतो, वहिनीने सगळे काढून घेतले." हे प्रश्न घेऊन लोक येतात, दार लोटून घेतात आणि मग हळू आवाजात बोलू लागतात. आजारपणाची वाच्यता होते, पैशाची होत नाही. म्हणून कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले ते तेव्हा तिशीतले होते. आज त्यांच्यापैकी जे आहेत त्यांची ऐंशी उलटली आहे. दुसरीकडे, सातारा, सांगली, कऱ्हाड, रत्नागिरीकडे एकटे राहणारे आईवडील आजारी पडले म्हणून मुलांनी त्यांना येथे बंगळुरास आणले, अशीही घरे आपल्यात पुष्कळ आहेत. माणूस येथे आला, खाते मात्र गावीच राहिले. औषधे येथल्या दुकानातून, पेन्शन तिकडल्या शाखेत, आणि शाखेतल्या ज्या कारकुनाशी वडिलांची चाळीस वर्षांची ओळख होती तो केव्हाच निवृत्त झालेला.

सुरुवात ट्रंकेपासून करावी. आपल्या मागच्या पिढीने पैसा एका ठिकाणी ठेवला नाही. थोडा बँकेत, थोडा पोस्टात, थोडा ओळखीच्या पतसंस्थेत आणि थोडा तांदळाच्या डब्यात. ट्रंकेतून निघणाऱ्या पासबुकांवरील काही नावे आज दारावरच्या पाटीवर दिसणार नाहीत. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. स्टेट बँक ऑफ म्हैसूर आणि स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाल्या. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरात व कॉर्पोरेशन बँक त्याच दिवशी युनियन बँकेत. बँकेचे नाव गेले म्हणून पैसा जात नाही. पासबुक घेऊन नव्या बँकेकडे जावे लागते, इतकेच. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षे कोणी विचारले नाही तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या २०१४ सालच्या योजनेतील निधीकडे वर्ग होते. तेथूनही ती खातेदाराला वा वारसाला आपल्या बँकेमार्फत परत मागता येते. अशा बेवारस ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' नावाची सोय संगणकावर केली आहे. घरातल्या नातवाला हे काम सांगावे, तो पाच मिनिटांत करील.

पतसंस्थेविषयी मात्र एक शब्द अधिक. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेमागे, व्याज धरून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांना हा विमा लागू नाही. गावच्या पतसंस्थेचा चेअरमन आपल्या वर्गातला होता, एवढ्या भरवशावर म्हातारपणाची सारी पुंजी तेथे ठेवलेली आम्ही पाहिली आहे. अध्यक्षाचा स्वभाव चांगला असणे आणि ठेव सुरक्षित असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आता सहीचा प्रश्न. पक्षाघात झाला, कंपवाताने हात थरथरू लागला, की पहिली अडचण येथे येते. पुष्कळांना वाटते की सही गेली म्हणजे खाते बंद झाले. तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर चेकवर वा पैसे काढण्याच्या अर्जावर त्याच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा. हाताचा शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचाही चालतो. तो ठसा बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा, आणि त्यांपैकी एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा. अंगठाही उमटवता येत नसेल तर एखादी खूण चालते, साक्षीदारांची अट तीच. पैसे प्रत्यक्ष कोणी न्यावयाचे हेही खातेदाराने बँकेला सांगावयाचे असते. त्या व्यक्तीची ओळख तेच साक्षीदार पटवतात व तिची सही बँक घेते. काउंटरवरच्या नव्या मुलाला हे ठाऊक नसेल. त्याच्याशी भांडू नये. शाखाधिकाऱ्यास लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. महिनाभरात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आमचा अनुभव असा की लेखी अर्जाची पोच मागितली की निम्मी कामे तेथल्या तेथे होतात.

शिवाय सत्तरी ओलांडलेल्या आणि आजारी वा अपंग खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी बँकांना कळविले आहे. घरी रोकड आणून देणे, घरून नेणे, ड्राफ्ट पोचविणे, हयातीचा दाखला स्वीकारणे ही कामे त्यात येतात. त्यासाठी काही शुल्क पडू शकते. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ऐंशीवरील पेन्शनरांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४ पासून तो संगणकाद्वारेही देता येतो आणि पोस्टमन घरी येऊनही ते काम करतो. एवढे असताना, नळ्या लावलेल्या माणसाला रिक्षात घालून बँकेत आणणारी मुले आम्ही नोकरीच्या अखेरच्या वर्षांत पाहिली. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

यापुढचा भाग अधिक नाजूक आहे. वडिलांच्या खात्यात मुलाचे नाव घालावे का? घालावे, पण कोणत्या अटीवर, हे आधी पाहावे. 'दोघांपैकी कोणीही अथवा मागे राहील तो' अशी अट असेल तर मुलगा एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतो. 'पहिला अथवा मागे राहील तो' असे असेल तर वडील असेपर्यंत फक्त वडील. 'दोघांनी मिळून' असेल तर दोन्ही सह्या लागतात आणि आजारपणात हीच अट सर्वांत अडचणीची ठरते. मुदतठेवींच्या पावत्यांवरही हीच अट लिहिलेली असते, तीही वाचून पाहावी. ज्यांना नाव घालणे नको वाटते त्यांनी खाते वडिलांच्याच नावे ठेवून, व्यवहार करण्यापुरते अधिकारपत्र मुलाला द्यावे. आम्हांस विचाराल तर जेथे भावंडे तीन-चार आहेत तेथे हा दुसरा मार्ग अधिक शोभतो. पैसा कोणाचा, हा प्रश्न त्यात उद्भवत नाही.

परंतु अधिकारपत्र काय किंवा मुखत्यारपत्र काय, त्यातील एक मर्यादा फार थोड्या लोकांच्या ध्यानी येते, आणि आज आम्ही येथे उभे आहोत ते मुख्यतः एवढे सांगण्यासाठी. १८७२ च्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमान्वये, ज्याने अधिकार दिला तो मृत्यू पावला अथवा त्याची बुद्धी शाबूत राहिली नाही, की दिलेला अधिकार संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या भीतीने करून ठेवलेले मुखत्यारपत्र, स्मृतिभ्रंश पुरता झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने कागद उरते. इतर काही देशांत अशा वेळी टिकून राहणारे मुखत्यारपत्र करता येते; आपल्याकडे तशी सोय नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या कायद्यात ती राहिली नाही. मग उरते ते न्यायालय. बेशुद्धावस्थेतील रुग्णांसाठी निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी पत्नीस वा मुलास पालक नेमले आहे, पण वैद्यकीय अहवाल, वकील, तारखा, आणि तोवर इस्पितळाचे बिल चालूच.

तेव्हा जे करावयाचे ते मन शाबूत असतानाच करावयास हवे. त्याची चाहूल पुष्कळदा पैशाच्या व्यवहारातच प्रथम लागते. एकच बिल दोनदा भरले जाते, दुसरे राहून जाते. बँकेची पाकिटे न फोडता टेबलावर साचतात. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारी आई सुटे पैसे मोजताना गोंधळते आणि गोंधळ लपविण्यासाठी चिडते. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे आणि त्याच महिन्यात बँकेतही जावे.

पण हा विषय काढावयाचा कसा? मराठी घरात बापाने पगार किती हे बायकोलाही सांगितलेले नसते. त्याला "बाबा, तुमच्या ठेवी कुठे आहेत?" असे विचारले की त्याच्या कानी "बाबा, तुम्ही आता जाणार" एवढेच पडते. आम्ही असे सुचवू की प्रथम आपली स्वतःची कागदपत्रे त्यांच्यापुढे मांडावी. "माझ्या खात्याला वारस म्हणून कोणाचे नाव लावू, सांगा," असे मुलाने म्हणावे. सल्ला देणाऱ्याच्या जागी बसलेला म्हातारा मोकळा होतो आणि मग हळूहळू स्वतःची ट्रंक उघडतो. उत्तर एका दिवसात मिळणार नाही. दोन-तीन दिवाळ्या जातात.

आणि सारे हाती आले तरी सारे हाती घेऊ नये. पेन्शनचे खाते मुलाने पाहावे, पण महिन्याला काही रोकड आईच्या उशाखाली असू द्यावी. नातीच्या वाढदिवसाला तिने स्वतःच्या हाताने पाकीट द्यावे, कामवालीला दिवाळीची बक्षिसी तिनेच द्यावी, देवापुढे अकरा रुपये तिनेच ठेवावे. त्यातले काही हरवेल, काही दोनदा दिले जाईल. तो खर्च औषधाच्या खर्चात धरावा. ज्या बाईने पन्नास वर्षे घर चालविले तिला दहा रुपयांसाठी सुनेकडे हात पसरावा लागला तर तिचे दुखणे वाढेल, हे सांगावयास वैद्य लागत नाही.

भावंडांचा प्रश्न याच ठिकाणी येतो. जो सांभाळतो त्याच्यावरच संशय येतो. जो लांब असतो त्याला इस्पितळाचे बिल दिसत नाही, खात्यातली घट मात्र दिसते. यावर आमच्याजवळ एकच उपाय आहे आणि तो अगदी जुना आहे: वही. आईच्या पैशातून झालेला खर्च आणि स्वतःच्या खिशातून झालेला खर्च निरनिराळ्या पानांवर लिहावा, पावत्या मागे टाचाव्या आणि दर महिन्याला त्या पानांचे छायाचित्र सर्व भावाबहिणींना पाठवावे, कोणी मागो वा न मागो. बहिणींनाही, हे मुद्दाम सांगतो.

वारसनोंदीविषयी समज असा की ज्याचे नाव लावले तो मालक झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बँकेच्या खात्याविषयीच निकाल दिला आहे की तसे नाही. नामनिर्देशित व्यक्तीने बँकेकडून पैसा घ्यावयाचा, मालकी वारसा कायद्याप्रमाणे वा मृत्युपत्राप्रमाणे ठरेल. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी चार जणांपर्यंत नावे लावता येतात, कोणास किती हिस्सा तेही लिहिता येते. तरी मृत्युपत्राची जागा त्याने भरून निघत नाही. मृत्युपत्रास दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. राहत्या घराचे बक्षीसपत्र करून देण्याची घाई मात्र आईवडिलांनी करू नये. केलेच तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्यावी, कारण ती अट असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाचा आधार मिळू शकतो.

आणखी एक. हल्ली पोलिसाच्या वेषात फोनवर दिसून "तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे" असे सांगणारे भामटे निघाले आहेत. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसाला ते तासन्‌तास फोनवर धरून ठेवतात व कोणाला सांगू नको म्हणून दटावतात. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे; उशीर जितका कमी तितकी रक्कम अडण्याची शक्यता अधिक. घरी ठेवलेल्या सेविकेच्या हाती एटीएम कार्ड आणि त्याचा गुप्त आकडा दोन्ही देऊ नयेत. ती प्रामाणिकच असेल. पण उद्या काही कमी पडले तर तिच्यावर आळ यावा, अशी परिस्थिती आपण तरी निर्माण करू नये.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी कार्यवाहांनी पाठविली आहे. सभा आटोपल्यावर आम्ही ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहोत. पुढच्या रांगेत काही जणांच्या मांडीवर जुन्या पासबुकांच्या पिशव्या दिसत आहेत. त्यांनी चहा घेऊन तिकडे यावे. ज्यांची पासबुके गावी आहेत त्यांनी आज रात्री गावी फोन करावा आणि निदान बँकेचे नाव व शाखा कागदावर उतरवून घ्यावी.