सेनेका आणि त्याचा शिष्य

राज्यकर्त्याने क्षमाशील असावे, असा उपदेश करणारा ग्रंथ रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने ज्या तरुण सम्राट नीरोला उद्देशून लिहिला, त्याच नीरोने इ. स. ५९ मध्ये आपल्या जन्मदात्रीचा वध करविला. आणि त्या कृत्याचे समर्थन करणारा, सेनेटकडे धाडलेला खलिता सेनेकाच्याच लेखणीतून उतरला, असा बोभाटा झाल्याचे इतिहासकार टॅसिटस नमूद करतो. साधेपणाची महती गाणाऱ्या या पुरुषाने तीस कोटी सेस्टर्सची माया जमविली, असा आरोपही त्याच्या हयातीतच झाला, आणि तो अगदीच निराधार म्हणवत नाही. ६२ साली ती दौलत परत करून दरबारातून निवृत्त होण्याची परवानगी त्याने मागितली. शिष्य नीरोने आलिंगन देऊन, गोड शब्दांत ती नाकारली. तीन वर्षांनी, कटाच्या संशयावरून, त्याच शिष्याकडून सेनेकाला मृत्यूचे फर्मान आले.