ईमचं कुलूप लावलेलं चर्च

आज मी तुम्हाला एका देवळाची गोष्ट सांगणार आहे. देऊळ आपलं नाही, इंग्लंडातलं आहे. तिथल्या डर्बीशायर भागात डोंगराळ मुलखात ईम नावाचं एक खेडं आहे. शेती, मेंढरं आणि शिशाच्या खाणी यांवर जगलेलं. गावाच्या मधोमध संत लॉरेन्सचं दगडी चर्च उभं आहे. मोठं नाही, नटवं तर अजिबात नाही.

आधी त्याची बांधणी समजून घेऊ. आपल्याकडे सभामंडप आणि गाभारा असतो ना, तसेच तिथेही दोन भाग. लोक बसतात तो लांबट मंडप, त्याच्या दोन बाजूंना दगडी खांबांच्या ओळी. पूर्वेच्या टोकाला वेदी असते, तो पाद्र्याचा भाग. वर घंटांचा मनोरा. बाहेर आवार, तेच गावाचं कब्रस्तान. एका पिढीनं हे बांधलेलं नाही. कुणी खांब उभे केले, कुणी पुढे छत बदललं, कुणी मनोरा दुरुस्त केला. आपल्या गावच्या देवळाला दर पिढी एखादी पायरी, एखादी ओवरी जोडते, तसंच.

आवारात एक उंच दगडी क्रूस आहे, साधारण बाराशे वर्षांपूर्वीचा. चर्चच्या भिंतींपेक्षाही जुना. त्यावर वेलबुट्टी आहे, देवदूत आहेत आणि मांडीवर बाळ घेतलेली मेरी आहे. मधला एक तुकडा कधीच हरवला, म्हणून आज तो बुटका दिसतो. आत भिंतींवर रंगीत चित्रं होती. मधल्या काळात त्यांच्यावर चुन्याचे थर चढले. पुढे चुना खरवडला, तेव्हा काही चित्रं पुन्हा दिसली. बाहेरच्या भिंतीवर १७७५ सालचं सूर्यघड्याळ आहे.

आणि आणखी एक गोष्ट तिथे जपली आहे, मेलेल्यांच्या नावांची वही. इंग्लंडात १५३८ साली हुकूम निघाला, की प्रत्येक चर्चनं आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायची. आज आपली ग्रामपंचायत जन्ममृत्यूची नोंद करते, ते काम तिथे चर्च करत असे. त्यामुळे राजाराण्यांचीच नाही, तर खाणकामगाराची, शिंप्याची, त्यांच्या पोरांची नावंही राहिली. ईमच्या वहीत १६६५ आणि १६६६ या दोन वर्षांत नावांची रीघ लागली आहे.

झालं असं, की १६६५ साली लंडनमध्ये प्लेग होता. ईमच्या एका शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. तो ओलसर होता, म्हणून शिंप्याच्या मदतनिसानं, जॉर्ज विकार्सनं, तो शेकोटीपुढे वाळत घातला. कापडात पिसवा होत्या असं आता मानतात. ७ सप्टेंबरला जॉर्जचं दफन झालं. ज्या घरात तो राहात होता, त्या घरच्या मेरीचे दोन मुलगे गेले, पुढे नवराही गेला. ती मात्र वाचली.

हिवाळ्यात साथ थोडी दबली आणि उन्हाळ्यात पुन्हा उसळली. ज्यांची ऐपत होती ते आधीच गाव सोडून गेले होते. तेव्हाचा पाद्री विल्यम मॉम्पेसन नवा होता, तरुण होता, लोकांचा त्याच्यावर फारसा विश्वास नव्हता. आधीचा पाद्री थॉमस स्टॅन्ली याला धर्ममतावरून पदावरून काढलेलं होतं. दोघांची मतं एकमेकांविरुद्ध. तरी जून १६६६ मध्ये ते एकत्र उभे राहिले आणि गावाला सांगितलं, की आता हद्द ओलांडायची नाही. आपण पळालो तर आजूबाजूची गावं मरतील.

चर्चला कुलूप लागलं. बंद जागेत दाटी नको म्हणून प्रार्थना कुकलेट डेल्फ नावाच्या घळीत, उघड्यावर होऊ लागली. घराघरानं अंतर ठेवून उभं राहायचं. आवारात पुरणंही बंद झालं, ज्यानं त्यानं आपलं माणूस आपल्या परड्यात किंवा शेतात पुरायचं. हद्दीवरच्या दगडात भोकं होती. त्यात शिरक्यात बुडवून पैसे ठेवायचे, बाहेरची माणसं धान्य ठेवून पैसे उचलायची. जवळच्या चॅट्सवर्थ वाड्याच्या उमरावानंही रसद पाठवली.

मला इथे एक गोष्ट खटकते, ती बोलते. मॉम्पेसननं आपली दोन्ही मुलं आधीच यॉर्कशायरला पाठवून दिली होती. गरिबाला अशी सोय कुठली? पण त्याची बायको कॅथरिन मुलांबरोबर गेली नाही. ती नवऱ्यापाशी आणि आजाऱ्यांपाशी राहिली आणि ऑगस्टच्या अखेरीस प्लेगनंच गेली. आवारात त्या जुन्या क्रूसाजवळ तिची कबर आहे.

त्याच ऑगस्टमध्ये गावाबाहेरच्या रायली शेतावर एलिझाबेथ हॅनकॉकनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. स्वतःच्या हातांनी खड्डे खणले, स्वतः देह ओढत नेले. शेजारी तरी कसे येणार? आज त्या कबरींभोवती दगडी गडगा आहे, कुरणाच्या मधोमध.

साथ थांबेपर्यंत सुमारे २६० माणसं गेली. बिचाऱ्यांना पिसवांचं काही ठाऊक नव्हतं, हवा दूषित झाली असंच ते समजत. हद्द बंद केली तसे उंदीर आणि पिसवाही माणसांबरोबर आतच राहिले, म्हणून गावातलं मरण वाढलं असेल, असं काही जाणकार म्हणतात. पिसवांवाटे प्लेग पसरतो हे १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं, आणि तेही कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. त्याच्या आदल्याच वर्षी, १० मार्च १८९७ ला, पुण्यात आपली सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेली होती. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन तिनं दवाखान्यात आणलं होतं. कॅथरिनचं वाचताना मला तीच आठवत राहिली.

ईमच्या चर्चचं कुलूप पुढे निघालं. १९८५ साली तिथे रंगीत काचांची एक खिडकी बसवली, त्यात ही सगळी हकीकत चितारली आहे. दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावकरी अजूनही त्या घळीत जमतात आणि प्रार्थना उघड्यावरच करतात.