जुन्या जीपचीं चाकें

लोणार तालुक्यांतील बीबी हें गांव मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेलें आहे. हा सारा मुलूख काळ्या जमिनीचा. उन्हाळ्यांत जिला हात हात भेगा पडतात तीच जमीन मृगाचा पाऊस कोसळला कीं माणसाचा पाय आणि गाडीचें चाक सारख्याच हट्टानें धरून ठेवते. अशा ठिकाणीं बैलगाडीच्या पाठोपाठ ज्या वाहनानें शेताची वाट चोखाळली, तें वाहन म्हणजे जीप.

जीपचा जन्म युद्धासाठीं झाला. विलीज आणि फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपची जोडणी मुंबईस सुरू केली. त्या वंशांतील गाड्या वऱ्हाडांत आजही कोणी गरजेनें, तर कोणी हौसेनें सांभाळून आहेत. इंजिन दुरुस्त होतें, पत्रा ठोकून सरळ करतां येतो. परंतु रिम गंजून तिची कड झिजली, किंवा नटांचीं भोंकें लांबट झालीं, कीं ती बदलण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. आणि येथेंच मालकाच्या विवेकाची परीक्षा होते. कारण त्या चार रिमांवर सबंध कुटुंबाचा जीव तोललेला असतो.

पहिली गोष्ट मापाची. जुन्या जीपचा टायर ६.००-१६ या मापाचा, म्हणजे सहा इंच रुंदीचा आणि सोळा इंच व्यासाच्या रिमवर बसणारा. मूळ रिमची रुंदी साडेचार इंच. चाक पांच नटांनीं बसतें आणि तीं पांच भोंकें साडेपांच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. पांच भोंकांत समोरासमोर असें भोंक नसल्यामुळें हा व्यास सरळ मोजतां येत नाहीं. तेव्हां शेजारच्या दोन भोंकांच्या मध्यांमधील अंतर मोजावें. तें सुमारें ८२ मिलिमीटर भरलें तर वर्तुळ बरोबर आहे. ६७ मिलिमीटर भरलें तर ती रिम साध्या मोटारीची समजावी, मग विकणारा कांहींही सांगो. १९८५ सालीं आलेल्या मारुती जिप्सीचें वर्तुळ जीपइतकेंच असल्यामुळें तिच्या पंधरा इंची रिमा जीपला लावण्याची प्रथा पडली आहे. परंतु भोंकें जुळलीं म्हणजे सर्व जुळलें असें नव्हे. मधलें मोठें भोंक हबवर नीट बसतें कीं नाहीं, रिम किती आंत किंवा किती बाहेर राहते, वळण घेतांना टायर पाट्यांना घासतो काय, हें प्रत्यक्ष लावून पाहावें.

चाक बाहेर आलें म्हणजे गाडी रुबाबदार दिसते खरी. पण त्या रुबाबाची किंमत बेअरिंग भरतें. भार जितका बाहेर सरकतो तितका बेअरिंगवरील ताण वाढतो आणि स्टिअरिंगही जड होतें. टायर मोठा घातल्यास वेगाचा कांटा खोटें बोलूं लागतो. २८ इंच व्यासाच्या जागीं ३१ इंचाचा टायर आला, तर कांटा ६० दाखवीत असतां गाडी ताशीं ६६ किलोमीटरांनीं धांवत असते. शिवाय जुन्या जीपमध्यें पुढचीं व मागचीं चाकें एकत्र जोडलीं असतां त्यांच्यामध्यें फरक सांभाळणारी यंत्रणा नसते. म्हणून चारही चाकें एकाच व्यासाचीं हवींत. नाहींतर दांतेचक्रांवर व्यर्थ ताण पडत राहतो. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी.

दुसरी गोष्ट धातूची. हलक्या मिश्रधातूच्या रिमा झळझळीत असतात. पण दगडावर आपटल्यास त्या तडकण्याची भीति असते. लोखंडी रिम वांकते आणि आडगांवींही ठोकून तात्पुरती सरळ होते. जुनी रिम घेतांना तिच्यावरचा रंग खरवडून भोंकांभोंवतीं तडे पाहावेत. तेथें वेल्डिंग केलेलें आढळल्यास ती रिम, फुकट मिळाली तरी, नाकारावी. बऱ्याच जुन्या रिमा ट्यूबच्या टायरासाठींच आहेत. त्यांच्यावर बिनट्यूबचा टायर चढवूं नये.

युद्धकाळच्या कांहीं जीपांना दोन भाग नटांनीं जोडून केलेल्या रिमा असत. अशा रिमेचे जोडनट टायरांत हवा असतां सैल केले, तर लोखंडी भाग तोफेच्या गोळ्यासारखा उडून समोरच्या माणसाचा प्राण घेऊं शकतो. आधीं हवा पूर्ण काढावी, मगच पान्हा लावावा. पुष्कळ जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, हेंही ठाऊक नसल्यास बोल्ट तुटतो. नवीं चाकें बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरांनीं नट पुन्हां आवळावेत.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्यानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाशीं विसंगत फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हें स्पष्ट केलें आहे.

आज बुलढाणा जिल्ह्यांतूनच समृद्धि महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी भाग डिसेंबर २०२२ मध्यें आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्यें खुला झाला. त्या रस्त्यावरील वेगासाठीं जुनी जीप जन्मलीच नाहीं, आणि रुंद रिमा चढवून ती त्या वेगाची होतही नाहीं. तिचें मोठेपण पांदणींत आहे. तिच्या मापाचीं, निकोप, साधीं लोखंडी चाकें तिला दिलीं, तर घरच्या माणसांना शेतावर नेऊन सुखरूप परत आणण्याचें काम ती अजूनही बिनबोभाट करील.