बाळाची वाट आणि रुग्णालयाची वाट
(ट्रस्टच्या वार्षिक सभेतील भाषण)



तळेघर परिसरातील वाड्यावस्त्यांवर आम्हांस एक प्रश्न नेहमी विचारला जातो : “नऊ महिने तपासणीत सारे ठीक होते, मग कळा सुरू झाल्यावर मोठ्या रुग्णालयात का न्यावे लागले?” याचे उत्तर स्त्रीच्या श्रोणीच्या रचनेत आहे.

श्रोणी म्हणजे कमरेखालचे हाडांचे कडे. दोन्ही बाजूंस नितंबास्थी, मागे त्रिकास्थी आणि तिच्या टोकाशी माकडहाड. या कड्याचे प्रवेशद्वार आडवे सुमारे १३ सें.मी. रुंद, तर पुढून मागे सुमारे ११ सें.मी. असते. बाहेर पडण्याच्या दाराशी हे प्रमाण उलटते. तेथे पुढून मागे जागा अधिक मिळते. म्हणूनच बाळाचे डोके बहुधा आडवे शिरते आणि उतरता उतरता वळते. हनुवटी छातीशी टेकलेली असेल, तर सुमारे साडेनऊ सें.मी.चाच व्यास पुढे येतो. बाळाच्या कवटीची हाडे जुळलेली नसल्याने ती किंचित एकमेकांवर सरकतात. गरोदरपणात आईच्या सांध्यांचे बंधही सैल होतात, माकडहाड मागे सरते. उकिडवे बसल्याने बाहेरचे दार थोडे रुंदावते. जुन्या सुइणींना हे अनुभवाने ठाऊक होते.

रुंद कमरेची स्त्री सहज बाळंत होते, हा समज मात्र खरा नाही. बाहेरून दिसणारी कंबर आतील वाट सांगत नाही. १४० सें.मी.पेक्षा कमी उंची ही धोक्याची सूचना होय. परंतु उंच स्त्रीचीही खात्री देता येत नाही. सोनोग्राफीत डोक्याचे माप कळते; ते वळेल की नाही, हे कळा आल्यावरच उमगते. त्यासाठी पार्टोग्राफ या तक्त्यावर गर्भाशयाचे तोंड किती उघडले, डोके किती उतरले, याची वेळोवेळी नोंद ठेवतात. प्रगती थांबली की प्रतीक्षाही थांबली पाहिजे. अडलेले डोके तासन्‌तास हाडावर दाबले गेल्यास मूत्राशयास छिद्र पडू शकते, गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते.

तळेघरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नैसर्गिक प्रसूती होते. सिझेरियनसाठी डिंभे, घोडेगावमार्गे मंचर गाठावे लागते. पावसाळ्यात हा घाटरस्ता किती कठीण, हे आपण जाणताच.

म्हणून कुटुंबीयांस आमची विनंती आहे : बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे. आठव्या महिन्यातच गाडी, सोबतीची व्यक्ती आणि रक्तदाता ठरवून ठेवावा. १०८ क्रमांक घरात सर्वांस ठाऊक असावा. मुलीचे लग्न अठरा वर्षांपूर्वी करू नये, कारण उंची वाढणे थांबले तरी श्रोणीची वाढ पुढे काही काळ चालू असते. तिच्या ताटातील नाचणी, डाळ, अंडी, दूध यांनीच ही हाडे घडतात.

बेळगाव-पुण्यापासून दूर, फिलाडेल्फियात डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली वैद्यकीय पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता. ते ज्ञान आज आपल्या दारी आले आहे. त्याचा लाभ दूरच्या वाडीवरील मातेस वेळेत मिळावा, यासाठी देणगीदारांनी वाहन, इंधन आणि मुलींच्या पोषणाकडे लक्ष द्यावे, ही नम्र प्रार्थना.