हिशेब देवमाशांचा

श्रोतेहो, गायरानातून यंदा हजार भारे गवत कापायचे असे पंचांनी ठरवले, पण कोणी किती ते सांगितलेच नाही, तर काय होईल? ज्याचा विळा चपळ, त्याचा भारा मोठा! दक्षिण महासागरात देवमाशांचे असेच झाले.

देवमासा हा नावाचाच मासा. तो पिलाला दूध पाजतो. तेलासाठी त्याची शिकार बेसुमार वाढली, म्हणून १९४६ साली वॉशिंग्टनला करार झाला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय आयोग निघाला. दक्षिणेत एका हंगामाची मर्यादा ठरली १६,००० एकके. निळा देवमासा एक म्हणजे एक एकक. सेई जातीचे सहा मिळून एक. कोणत्या देशाने किती, हे कित्येक वर्षे मोकळेच होते. हिशेब तेलाचा, जिवांचा नव्हे! एका भाल्यात पुरे एकक मिळत असता लहानांमागे कोण धावेल? निळे संपत आले, तरी आकडा नियमातच बसे.

आयोगापाशी ना पोलीस, ना तुरुंग. ९० दिवसांत हरकत घेतली, की नियम त्या देशाला लागू नाही. तरी १९८२ साली व्यापारी शिकार थांबवण्याचे ठरले आणि १९८५-८६ पासून ते अमलात आले. नॉर्वे हरकत घेऊन शिकार करतो. जपान २०१९ साली बाहेर पडला. दक्षिणेत हंपबॅक पुष्कळ वाढले. निळे मात्र अजून थोडेच आहेत.

गुरुजी, हे गणित फळ्यावर जरूर मांडा. मोजायचे काय हेच चुकले, तर बेरीज बरोबर येऊनही उत्तर चुकते.