डोंगरउतारावरील घर आणि विम्याची निवड



जावळी खोऱ्यात घर बांधणे ही एका पिढीची कमाई असते. मेढा आणि आसपासच्या गावांतील कित्येक घरे मुंबईत माथाडी कामगार म्हणून राबलेल्या हातांनी उभी राहिली आहेत. असे घर एका रात्रीत गेले, तर ते पुन्हा कशातून उभे करावयाचे, हा प्रश्न घर शाबूत असतानाच विचारावयास हवा.

हा प्रश्न काल्पनिक नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला झालेल्या भूकंपाची आठवण या भागातील वडीलधाऱ्यांच्या मनात अद्याप आहे. त्याची तीव्रता सुमारे साडेसहा रिश्टर होती. ज्या शिवसागर जलाशयाच्या परिसरात तो झाला, त्याचे पाणी या तालुक्यातील बामणोलीपर्यंत पसरलेले आहे. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. त्याच दिवसांत शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी घरांवर आल्या. महाबळेश्वरला उगम पावणारी वेण्णा मेढ्यावरून वाहत जाऊन माहुलीला कृष्णेस मिळते आणि कृष्णेच्या महापुराने ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीची काय अवस्था केली, हे सर्वश्रुत आहे. सारांश, भूकंप, दरड आणि पूर या तिन्ही आपत्ती याच खोऱ्याच्या परिसरातील आहेत.

मदत आणि भरपाई

आपत्तीनंतर शासन मदत देते, मग विमा कशासाठी, असे पुष्कळांना वाटते. शासकीय मदत ही संकटात सापडलेल्या कुटुंबाला दिलेला आधार होय. ती नुकसानीची भरपाई नव्हे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार पूर्णतः पडलेल्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये मदत निश्चित करण्यात आली. या रकमेत आज पक्के घर उभे राहू शकत नाही, हे कोणताही गवंडी सांगेल. मदत आणि घराची खरी किंमत यांतील अंतर भरून काढणे, हेच विम्याचे काम आहे.

कोणती विमापत्रे पाहावीत

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाचे प्रमाणित विमापत्र लागू केले. त्यात आगीबरोबरच भूकंप, वीज, वादळ, पूर, जमीन खचणे आणि दरड कोसळणे यांचा समावेश मुळातच आहे. कंपनी बदलली तरी त्याच्या मूळ अटी बदलत नाहीत. म्हणून तुलना सोपी होते. दुसरे एखादे विमापत्र घ्यावयाचे असल्यास भूकंप, पूर आणि दरड हे तीन शब्द त्यात स्वतंत्रपणे शोधावेत. केवळ कमी हप्ता पाहून निवड करू नये. यांपैकी एखादी आपत्ती वगळली असल्यास ते स्वस्त विमापत्र या खोऱ्यात महागच पडेल.

रक्कम कशी ठरवावी

विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर ठरवावयाची नसते, कारण त्या भावात जागेची किंमत असते आणि जागेचा विमा उतरत नाही. घर आज नव्याने बांधण्यास येणारा खर्च हाच खरा आधार. उदाहरणार्थ, चटई क्षेत्र ५० चौरस मीटर आणि बांधकामाचा स्थानिक दर चौरस मीटरला २० हजार रुपये धरला, तर रक्कम १० लाख होते. 'भारत गृह रक्षा'मध्ये इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सर्वसाधारण वस्तूंना आपोआप संरक्षण मिळते. येथे ते २ लाखांचे होईल. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी मात्र वेगळी तरतूद करून घ्यावी लागते.

हप्ता वाचविण्यासाठी याच घराचा विमा ५ लाखांचाच उतरविला, तर घर पूर्ण पडल्यावर उरलेली रक्कम मालकालाच उभी करावी लागेल. इतर काही विमापत्रांत तर अशा वेळी अंशतः नुकसानीची भरपाईही त्याच प्रमाणात निम्म्यावर येते.

काय वगळले जाते

दरडीचा विमा आहे म्हणून कोणत्याही कारणाने घसरलेल्या मातीची भरपाई मिळत नाही. भराव टाकलेली जमीन दबणे, नदीने काठ खाणे, सदोष बांधकाम, तसेच खोदकामामुळे जमीन खचणे या गोष्टी वगळलेल्या असतात. डोंगर तोडून, भराव घालून घराची जागा करण्याची प्रथा आपल्याकडे वाढत आहे. अशा घराला दरडीचा धोका अधिक आणि विम्याचा आधार अनिश्चित, असा दुहेरी तोटा होतो. बांधकाम परवानगीचा विचार करणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात घ्यावे.

प्रस्तावपत्रात भिंती व छपराचा प्रकार, क्षेत्रफळ आणि मालकी खरी लिहावी. वडिलोपार्जित घर सामाईक असल्यास सर्व हिस्सेदारांची नावे नमूद करावीत. घर वर्षाचा बराच काळ बंद राहत असेल, तर त्याविषयीची अट लेखी विचारून घ्यावी. कर्जाबरोबर उतरविलेला विमा घराचा आहे की केवळ कर्जबाकीचा, हेही तपासावे.

शिक्षक आणि पंचायत सदस्यांचे काम

नुकसान झाल्यास कंपनीला तत्काळ कळवावे आणि शक्य तोवर ढिगारा हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. महसूल खात्याचा पंचनामा शासकीय मदतीसाठी असतो. विमा कंपनीचा सर्वेक्षक स्वतंत्र पाहणी करतो. तथापि पंचनाम्याची प्रत त्या वेळी उपयोगी पडते. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तेथे समाधान न झाल्यास पुणे येथील विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.

विमापत्रे बहुधा इंग्रजीत असतात आणि ती न वाचताच पेटीत ठेवली जातात. शिक्षकांनी ती गावकऱ्यांना समजावून सांगावीत. ग्रामपंचायतींनी मे महिन्यातील ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि घराच्या कर आकारणीचे उतारे मागणाऱ्यांना ते वेळेवर द्यावेत. विमापत्र व उताऱ्याची एक प्रत घराबाहेर, शहरातील नातलगाकडे ठेवण्यासही सांगावे. विमा दरड थांबवीत नाही. धोक्याचा इशारा मिळताच घर सोडून सुरक्षित जागी जाणे हेच पहिले कर्तव्य. मात्र ज्याच्या घराचा योग्य विमा आहे, त्याचा पाय अशा वेळी घरात अडकून राहण्याचे कारण कमी होते.